समान काम, वेगळे नाव

शासकीय सेवेत माझ्या व माझ्या महिला सहकाऱ्यांच्या वेतनश्रेणीत एका रुपयाचाही फरक नाही. त्यामुळे वेतनातील स्त्री-पुरुष विषमता हा खाजगी क्षेत्राचा प्रश्न आहे, असा माझा बरीच वर्षे समज होता. तो चुकीचा होता.

शेतावर खुरपणी बाईची, फवारणी गड्याची. म्हणून मजुरीचे दरही दोन. जाब विचारावा, तर 'साहेब, काम वेगळे आहे' हे उत्तर ठरलेले. कार्यालयांतही हीच पळवाट होती. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळे. १९७६ च्या समान वेतन कायद्यानुसार हा भेदभावच आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिला.

पण शासनाचे काय? अंगणवाडी सेविका मुलांना शिकवते, आहार देते, वजनाच्या नोंदी ठेवते. तिला मिळते ते मात्र वेतन नव्हे, 'मानधन'. हे काम स्त्रियांचेच असल्याने तुलनेला पुरुषच नाही; म्हणून कागदोपत्री विषमताही नाही! २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. 'मानधन' हा शब्द तेवढा राहिला.

नोव्हेंबर २०२५ पासून १९७६ च्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. दोन कामे समान स्वरूपाची आहेत की नाहीत, हा वाद उद्भवल्यास निर्णय शासनाने नेमलेला अधिकारी देणार. म्हणजे लेखणी आमच्याच हाती आहे. तिचा पहिला उपयोग आपल्याच दप्तरातील 'मानधन' हा शब्द तपासण्यासाठी व्हावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.