विवरणपत्रातील ‘व्यावसायिक’ आणि रस्त्यावरील कामगार

झोमॅटो, स्विगी, ब्लिंकिट यांसारख्या कंपन्यांसाठी दुचाकीवरून जेवण व माल पोचविणाऱ्या कामगारांच्या मिळकतीतून एक टक्का आयकर कापला जातो. वरकरणी हा हिशेबनिसाचा प्रश्न वाटतो. कामगार संघटनांच्या बैठकांतूनही तो पुष्कळदा ‘एखाद्या सी.ए.ला गाठा’ एवढ्याच उत्तरावर निकालात निघतो. आमच्या मते ही चूक आहे. या एका टक्क्याच्या कपातीत आणि ती परत मिळविण्यासाठी भराव्या लागणाऱ्या कागदात आजच्या भांडवलशाहीने कामगारावर लादलेली एक मोठी कायदेशीर लबाडी दडलेली आहे. नीती आयोगाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, २०२०-२१ साली देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत त्यांची संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज दिला आहे. एवढ्या मोठ्या श्रमिक समूहाच्या उत्पन्नाला कायदा कोणते नाव देतो, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

ही कपात बहुतेक ठिकाणी १९६१ च्या आयकर कायद्यातील १९४-सी या कलमाखाली होत आली. हे कलम ठेकेदारांना दिल्या जाणाऱ्या रकमांविषयीचे आहे. वर्षभरातील एकूण रक्कम एक लाखावर गेली की व्यक्तीच्या बाबतीत एक टक्का कापून सरकारजमा करावयाचा, अशी त्यातील तरतूद. १ एप्रिल २०२६ पासूनच्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, ठेकेदार मात्र ठेकेदारच राहिला. धरण बांधणारा, रस्त्यावर डांबर ओतणारा ठेकेदार आणि हप्त्यावर घेतलेल्या मोटारसायकलीवरून पावसात बिर्याणी पोचविणारा तरुण हे दोघे कायद्याच्या एकाच पंक्तीत बसतात! कंपन्या याला ‘पार्टनर’ म्हणतात, गिऱ्हाईक ‘डिलिव्हरी बॉय’ म्हणते, आयकर खाते त्याला व्यावसायिक समजते. कामगार एवढेच कोणी म्हणत नाही.

आता या व्यावसायिकाचा जमाखर्च पाहू. समजा, एका कामगाराच्या खात्यात महिन्याला २२,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,६४,००० रुपये जमा होतात. दिवसाला शंभर किलोमीटरच्या आसपास गाडी चालली तर महिन्याकाठी पेट्रोलचेच सहा हजार रुपये होतात, वर्षाचे ७२,०००. दुरुस्ती, टायर, ऑइल, मोबाईलचा रिचार्ज यांचे २४,००० धरले तर हातात राहतात १,६८,००० रुपये, महिन्याला १४,०००. गाडीचा हप्ता अजून जायचाच आहे. या उत्पन्नावर आयकर शून्य आहे. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या वर्षासाठी पहिल्या ४ लाखांवर करच नाही. तरीही कपात होते, आणि ती होते जमा झालेल्या संपूर्ण रकमेवर, पेट्रोलच्या पैशांसकट. म्हणजे २,६४० रुपये. खऱ्या कमाईशी ताडून पाहिले तर हा एक टक्का दीड टक्क्याहून अधिक भरतो.

हाच कामगार पगारदार म्हणून नोंदलेला असता तर काय झाले असते? पगारातून कर कापताना मालकाने वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर कर बसतो की नाही हे आधी पाहावयाचे असते. बसत नसेल तर एक पैही कापली जात नाही. शिवाय ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट पगारदाराला विनासायास मिळते, पेट्रोलची पावती जपून ठेवावी लागत नाही, कारण कामाचे पेट्रोल मालकाने द्यावे हा संकेतच आहे. बँकेत ठेवी असलेल्या माणसासाठीही १९६१ च्या कायद्याने सोय केली होती: उत्पन्न करपात्र नसेल तर १५-जी क्रमांकाचा नमुना भरून द्या, व्याजातून कपात होणार नाही. ठेकेदारीच्या कलमाखाली मिळणाऱ्या रकमेसाठी हा नमुना चालत नाही. कमी कपातीचा दाखला मागावयाचा तर आयकर खात्याकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. व्याजावर जगणाऱ्याला एका कागदावर मिळणारी सवलत घामावर जगणाऱ्याला अर्जविनंत्या करून मागावी लागते, हे आपल्या करव्यवस्थेचे वर्गीय स्वरूप दाखविण्यास पुरेसे आहे.

कापलेले पैसे परत मिळतात, असे उत्तर यावर दिले जाते. मिळतात, पण विवरणपत्र भरल्यावर. त्यासाठी पॅन आधारशी जोडलेला हवा, बँक खाते पोर्टलवर पडताळलेले हवे, कंपनीने कपात योग्य पॅनवर दाखविलेली हवी, आणि शेवटी विवरणपत्राची पडताळणी मुदतीत व्हावयास हवी. पॅनच दिला नसेल तर कपात एका टक्क्याऐवजी वीस टक्के. दोन-तीन कंपन्यांसाठी आलटूनपालटून काम करणाऱ्याची मिळकत निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेली असते. बारा-चौदा तास रस्त्यावर असणारा माणूस हे सारे स्वतः करील अशी अपेक्षा धरणे हा क्रूर विनोद आहे. मग तो कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत काहीशे रुपये देतो, किंवा पैशांवर पाणी सोडतो. काही जण भीतीपोटीही विवरणपत्र टाळतात. गावाकडे वडिलांना पीएम-किसानचे हप्ते येतात, आपण ‘इन्कम टॅक्सवाले’ झालो तर ते बंद पडतील, अशी त्यांची समजूत असते. विवरणपत्र भरणे आणि कर भरणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यांना सांगणारे कोणी भेटत नाही.

येथे एका अधिक गंभीर बाबीकडे सर्व साथींचे लक्ष वेधणे आम्हाला आवश्यक वाटते. लहान व्यावसायिकांसाठी अंदाजित नफ्याची एक पद्धत आहे. हिशेबाच्या वह्या ठेवावयाच्या नाहीत. बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान सहा टक्के नफा दाखवावयाचा आणि ‘सुगम’ नावाचे विवरणपत्र भरावयाचे. जादा नफा झाला असेल तर जादा दाखवावा, असेही कायदा म्हणतो. परंतु झटपट काम उरकणारे एजंट सवयीने सहा टक्क्यांचाच आकडा टाकतात. आमच्या उदाहरणातील कामगाराचे वार्षिक उत्पन्न त्या कागदावर १५,८४० रुपये होते. महिन्याला १,३२० रुपये! कर दोन्ही रीतींनी शून्यच आहे, तेव्हा एवढा लहान आकडा दाखवून त्याचा दमडीचाही फायदा झालेला नसतो. नुकसान मात्र भयंकर होऊ शकते. उद्या तो कर्ज मागावयास गेला तर बँक हाच कागद पाहील. आणि दहा मिनिटांत माल पोचविण्याच्या घाईत रस्त्यावर त्याचा जीव गेला, तर मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणापुढे त्याच्या विधवेने मागितलेली भरपाई त्याच्या उत्पन्नावरून ठरेल. आयकर विवरणपत्र हा उत्पन्न ठरविताना विसंबण्याजोगा वैधानिक दस्तऐवज आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटले आहे. पुरावाच नसेल तेव्हा न्यायालये निदान किमान वेतनाचा आधार घेतात. येथे तर त्याच्याच सहीचा पुरावा त्याच्या कुटुंबाविरुद्ध उभा राहील. विमा कंपनीचा वकील असा कागद हातचा सोडणार नाही. म्हणून खर्च वजा जाता राहिलेली खरी कमाई दाखवा, हा सल्ला प्रत्येक डिलिव्हरी कामगारापर्यंत पोचला पाहिजे.

या पद्धतीत कामगाराच्या तोट्याला जागा नाही, हेही ध्यानात घ्यावे. गाडी मोडली, हात मोडला, महिनाभर आयडी बंद राहिला, तरी आलेल्या रकमेवर नफा गृहीतच. कंपनीला मात्र धंद्यातील तोटा आठ वर्षांपर्यंत पुढे ओढून भावी नफ्यातून वजा करता येतो.

या कंपन्या स्वतःला काय म्हणवितात? कामगारांनी वेतनाचा प्रश्न काढला की त्या म्हणतात, आम्ही फक्त व्यासपीठ आहोत; गिऱ्हाईक आणि पोचविणारा यांची गाठ घालून देतो. कराचा प्रश्न निघाला तेव्हाही त्यांनी हीच ढाल पुढे केली. गिऱ्हाइकांकडून घेतलेल्या डिलिव्हरीच्या आकारावर जीएसटी का भरला नाही, या प्रश्नावर झोमॅटोने डिसेंबर २०२३ मध्ये उत्तर दिले की तो आकार आम्ही डिलिव्हरी पार्टनरांच्या वतीने गोळा करतो. डिसेंबर २०२४ मध्ये ठाण्याच्या केंद्रीय जीएसटी आयुक्तालयाने व्याज व दंडासह सुमारे ८०३ कोटी रुपयांच्या मागणीचा आदेश काढला. त्याविरुद्ध अपील करण्याचे कंपनीने जाहीर केले. या वादाचा निकाल काहीही लागो, बचावाचे स्वरूप बोलके आहे. कोट्यवधींचा कर अंगावर आला की सेवा विकणारा तो रस्त्यावरचा तरुण, आणि कंपनी त्याची निव्वळ वसुली कारकून!

पुढे सरकारनेच हा पडदा अर्धा बाजूला सारला. २२ सप्टेंबर २०२५ पासून, नोंदणी आवश्यक नसलेल्या व्यक्तींनी अशा व्यासपीठामार्फत दिलेल्या स्थानिक डिलिव्हरी सेवेवरील १८ टक्के जीएसटी कंपनीने भरावयाचा आहे. ज्या कलमाखाली हे केले गेले, त्यानुसार कंपनी हीच जणू सेवा पुरविणारी आहे असे मानून कायद्याच्या सर्व तरतुदी तिला लागू होतात. म्हणजे तिजोरीचा प्रश्न येतो तेव्हा सेवा कंपनीची, असे मान्य करावयास भारत सरकारची हरकत नाही. मग भविष्यनिर्वाह निधी, कर्मचारी विमा, अपघाताची जबाबदारी यांचा प्रश्न आला की तीच सेवा पुन्हा त्या एकट्या तरुणाची कशी होते? २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू करण्यात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने तर गिग कामगाराची व्याख्याच पारंपरिक मालक-कामगार संबंधाबाहेर काम करणारा अशी करून ठेवली आहे. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के, आणि कामगारांना दिलेल्या रकमेच्या कमाल पाच टक्के, एवढा वाटा निधीत द्यावा, हे त्या संहितेचे औदार्य. २०२३ च्या राजस्थानच्या कायद्याने व २०२५ च्या कर्नाटकच्या कायद्याने कल्याण शुल्क बसविले, ते स्वागतार्ह आहे, पण कल्याण मंडळ हा कामगार म्हणून मान्यतेला पर्याय होऊ शकत नाही.

ही लबाडी नवी नाही. मोबाईल नवा आहे, मालकाची युक्ती जुनीच आहे. सौराष्ट्रातील मिठागरांवरच्या अगरियांना धरांगधरा केमिकल वर्क्सने स्वतंत्र ठेकेदार म्हटले होते. ते तुकड्यावर मोबदला घेत, मदतीला स्वतःची माणसे आणीत. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने नियंत्रण कोणाचे हे पाहिले आणि त्यांना कामगार ठरविले. नागपूरच्या विडी कामगारांचे प्रकरण याहून आजच्या स्थितीशी जुळणारे आहे. ते वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, हजार विड्यांवर मजुरी घेतात, मग ते कामगार कसे, असा मालकाचा सवाल होता. १९६० च्या बिरधीचंद शर्मा खटल्यातील निकालाने तो फेटाळला; कारखाना कायद्याखाली ते कामगारच ठरले. ‘लॉग-इन केव्हा करायचे हे तुमच्या हातात आहे’ असे आजची कंपनी म्हणते, तेव्हा ती नागपूरच्या विडी मालकाचीच वकिली करीत असते. १९७८ साली कालिकतच्या दोरखान्याच्या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी मध्यस्थ ठेकेदाराचा पडदा दूर सारून खरा मालक कोण ते पाहावयास सांगितले. आणि ज्याला एक ठरावीक मालक नव्हता त्या माथाडी कामगाराला १९६९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने मंडळ, नोंदणी आणि मालकांकडून लेव्ही मिळवून दिली, ती लढ्याच्या जोरावर. आज दर ठरविते कंपनी, मार्ग आखते कंपनी, आयडी बंद करून भाकर तोडते कंपनी. मिठागरावरच्या मुकादमाची नजरही इतकी बारीक नव्हती.

तेव्हा कामगार म्हणून मान्यता ही मूळ मागणी आहे आणि ती मागे घेण्याचा प्रश्नच नाही. परंतु ती मिळेपर्यंत २,६४० रुपये सोडून द्यावेत असे आम्ही म्हणणार नाही. ती जवळजवळ पाच-सहा दिवसांची कमाई आहे. करपात्र मर्यादेखालील डिलिव्हरी कामगाराकडून एका स्वयंघोषणेवर कपात थांबवावी. कपात करावयाचीच असेल तर पेट्रोल व गाडीचा खर्च वगळून करावी. दर महिन्याला फेऱ्या, अंतर, मूळ दर, प्रोत्साहन रक्कम, दंड आणि कर यांचा तपशील असलेले मराठी, हिंदी अथवा त्या त्या प्रांताच्या भाषेतील पत्रक कंपनीने द्यावे. हे पत्रक केवळ करासाठी नव्हे, उद्याच्या औद्योगिक वादात मालक कोण हे सिद्ध करण्यासाठीही लागणार आहे.

पुणे, नागपूर, मुंबई येथील शाखांप्रमाणेच इंदूर, बडोदा, सुरत, हैदराबाद, बेंगळुरू येथील मराठी भाषिक साथींनाही या कामात उतरता येईल. लातूर-नांदेडकडचे किती तरी तरुण हैदराबादेत गाड्या चालवितात. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस संघटनेला हवा आहे. विवरणपत्रांच्या हंगामात युनियनच्या कचेरीत आठवड्यातून दोन रात्री, काम सुटण्याच्या वेळी, म्हणजे अकरानंतर, विनामूल्य मदतकेंद्र चालवावे. बँक व विमा कर्मचारी संघटनांतील आपल्या साथींना हे काम सहज जमण्यासारखे आहे. येणाऱ्या प्रत्येकाची कपात किती, परतावा किती आणि आयडी कितीदा बंद झाला याची नोंद एका वहीत ठेवावी, आणि त्या नोंदींची प्रत प्रांतिक कामगार समितीकडे पाठवावी.