क्रेन दिसली, जॉब दिसला?

गॅलरीत उभं राहून एकदा क्रेन मोजा. ठाण्याचा घोडबंदर रोड असो, कल्याणचं खडकपाडा असो, नाहीतर डोंबिवलीपलीकडचं पलावा. दोन-चार तरी दिसतीलच. मग डोक्यात येतंच, घराजवळ एवढं काम निघालंय, तर आपण रोज फास्ट लोकलला लटकून मुंबई का गाठायची?

प्रश्न रास्त आहे. आणि तो फक्त सिव्हिलवाल्यांचा नाही. साइट इंजिनीअर, सुपरवायझर तर लागतातच. शिवाय बिलिंग, सेफ्टी, अकाउंट्स, सेल्स, आणि बुकिंगपासून चावी हातात पडेपर्यंत गिऱ्हाइकाचे फोन झेलणारी मंडळीही लागतात.

२०१७च्या मे महिन्यात महारेराचं काम सुरू झालं आणि या धंद्यात कागदाला वजन आलं. गिऱ्हाइकाच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे. ते काढायला आर्किटेक्ट, इंजिनीअर आणि सीए अशा तिघांची सर्टिफिकेटं. दर तीन महिन्यांनी प्रोजेक्टची माहिती वेबसाइटवर. हे सगळं सांभाळणारा कॉमर्सवाला बिल्डरलाही हवाच असतो. एजंट म्हणून स्वतःचा धंदा करायचा? तर आता ट्रेनिंग घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. नुसती गोड जीभ पुरत नाही.

दुसरा रस्ता सरकारी कामांचा. ठाण्याहून भिवंडीमार्गे कल्याणला जाणारी मेट्रो ५, कल्याणहून तळोज्याला मेट्रो १२, ठाणे-बोरिवली बोगदा. इथे नोकरी देतात त्या बड्या कंत्राटदार कंपन्या. शिकायला भरपूर, पण एक काम संपलं की पुढचं पोस्टिंग कुठेही. लोकल बिल्डरकडे घर जवळ, पण बुकिंग थंडावलं की पगाराची तारीखही पुढे सरकू शकते.

म्हणून पॅकेज विचारायच्या आधी प्रोजेक्ट बघा. नुसता महारेरा नंबर बघून भागत नाही. कल्याण-डोंबिवलीत पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींनी तो नंबरही मिळवला होता. नोव्हेंबर २०२४मध्ये हायकोर्टाने त्या पाडायचा आदेश दिला. तिथे घर घेतलेल्यांची झोप उडाली, हे सगळ्यांना दिसलं. पण तिथेही कुणीतरी फ्लॅट विकले असतील, हिशेब लिहिले असतील. त्यांच्या बायोडेटात आता तोच प्रोजेक्ट.

आणि ४ एप्रिल २०१३ विसरू नका. शीळफाट्याला बेकायदा इमारत कोसळली, ७४ जीव गेले. त्यात तिथेच राहणारे मजूर आणि त्यांची मुलंबाळं होती. अटक झाली ती बिल्डरांबरोबर पालिकेच्या अधिकाऱ्यांनाही.

तेव्हा इंटरव्ह्यूत तुम्हीही चार प्रश्न विचारा. बांधकामाचा परवाना कितव्या मजल्यापर्यंत आहे? मागच्या बिल्डिंगला ओसी मिळाली का? पीएफ कापता का? माझी सही कशाकशावर लागेल? उत्तरं मिळाली की परवान्याची खातरजमा पालिकेच्या नगररचना विभागात करून घ्या. हे विचारल्यावर समोरचा वैतागला, तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

फ्लॅट घेताना बाबा जेवढी चौकशी करतात, तेवढी नोकरी घेताना आपण करावी. त्यांचे पैसे अडकतात, आपलं नाव अडकतं.