खिशातला कॅमेरा आणि मागे उभा असलेला माणूस

गेल्या महिन्यात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली आणि तिने विचारले, "सर, तुमच्याकडे तो जुना छोटा डिजिटल कॅमेरा आहे ना? तसला सेकंडहॅन्ड मिळतोय. घ्यावा का?" प्रश्न साधा होता, पण मला त्याचे उत्तर लगेच देता आले नाही. ज्या वस्तूला आपण दहा-बारा वर्षांपूर्वी कपाटात टाकले, ती वस्तू आज विशीतल्या मुलांना हवीशी वाटते, याचे कुतूहल होतेच. पण खरी अडचण वेगळी होती. कॅमेरा चांगला की वाईट, हे कशावरून ठरवायचे, याबद्दलचे माझे मत मधल्या काळात पार बदलले आहे. साहित्याच्या अभ्यासकांना निकषांची चर्चा नवी नाही. म्हणून तिला द्यायचे उत्तर इथेच लिहितो आहे.

माझा कॅमेरा म्हणजे कॅननचा पॉवरशॉट ए550. 2007 साली बाजारात आलेला, 7.1 मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. शर्टाच्या खिशात मावतो असे म्हणतात. मावतो खरा, पण खिसा एका बाजूला लोंबतो. त्या काळी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधून अशा कॅमेऱ्यांची परीक्षणे येत. मेगापिक्सेल किती, झूम किती पट, पडदा किती इंची, आणि शेवटी पाचपैकी किती तारे. ती परीक्षणे मी मन लावून वाचत असे. आज वाटते की ती आपल्याकडच्या एका विशिष्ट प्रकारच्या पुस्तक-परीक्षणांसारखीच होती: पृष्ठसंख्या, मुखपृष्ठ, छपाई, किंमत आणि 'संग्राह्य' हा शेरा. पुस्तकात काय आहे, ते मात्र राहून जाई.

वास्तविक या जातीच्या कॅमेऱ्याचा सगळा स्वभाव एका गोष्टीतून येतो. त्यातला सेन्सर सुमारे पावणेसहा मिलिमीटर लांब आणि सव्वाचार मिलिमीटर रुंद असतो. आमच्या भाषेत सांगायचे तर तुरीच्या दाण्याएवढा. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात फिल्मची एक चौकट 36 बाय 24 मिलिमीटरची असे, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ पस्तीस पट. एवढ्याशा दाण्यावर सत्तर लाख बिंदू बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश किती येणार? त्यामुळे उजेड कमी झाला की चित्रात रंगीत रवा पडल्यासारखा दिसतो, आणि उजेड फार झाला की पांढरे ते सपाट पांढरे होऊन जाते.

यवतमाळ जिल्ह्यात हा दोष परीक्षणात लिहितात त्यापेक्षा बराच मोठा ठरतो. कारण इथे कापूस आहे. वेचणीच्या दिवसांत दुपारच्या उन्हात कापसाच्या ढिगाशेजारी बसलेल्या बाईचा फोटो काढून पाहा. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक सगळ्या जगाला सरासरी करड्या रंगाचे मानतो. समोर एवढे पांढरे दिसले की त्याला वाटते उजेड जास्त झाला. तो चित्र काळवंडून टाकतो. कापूस मळकट होतो आणि उन्हाने रापलेला चेहरा पार अंधारात जातो. आपण हाताने उजेड वाढवला तर चेहरा उघडतो, पण कापसाचे तंतू नाहीसे होऊन तिथे पांढरी भोके पडतात. कापूस किंवा वेचणारी, दोघांपैकी एकाला निवडा, असाच हा व्यवहार असतो. पहिल्या वर्षी मी काढलेल्या फोटोंमध्ये कापूस उत्तम आला होता. ते फोटो ज्यांचे होते, त्यांना दाखवायला नेले तेव्हा एका म्हातारीने फोटो तिरका करून पाहिला आणि विचारले, "ह्यात मी कुठी हाय?" पुढच्या वर्षापासून मी कापूस सोडून दिला.

आणखी दोष सांगायचे तर बटण दाबणे आणि फोटो निघणे यांत जाणारा वेळ. पोळ्याच्या तोरणाखालून बैल निघून जातो आणि फोटोत त्याची शेपटी येते. बटण आधी अर्धे दाबून ठेवायचे, मग वेळ साधायची, ही युक्ती कळायला मला दोन पोळे लागले. पडद्यावर उन्हात काहीही दिसत नाही. मात्र याला वरच्या बाजूला डोळा लावून पाहायची लहानशी काचेची खिडकी आहे, आणि एप्रिल-मेच्या यवतमाळात त्या खिडकीचे मोल मोठे आहे. फ्लॅशचा उजेड तीन-साडेतीन मीटरपर्यंत पोचतो, त्यापुढे नुसता भास. म्हणजे घरात फोटो काढायचा तर माणसाच्या जवळ जावे लागते, आणि जवळ जायचे तर आधी बोलावे लागते. हा गुण की दोष, मला अजून ठरवता आलेले नाही.

आता मुख्य मुद्दा. जाणकार मंडळी या कॅमेऱ्यांवर जो आक्षेप हमखास घेत, तो असा की यात 'पार्श्वभूमी धूसर होत नाही'. सेन्सर लहान, म्हणून भिंगही लहान. त्याचे खरे नाभीय अंतर रुंद टोकाला सहा मिलिमीटरच्या आसपास. अशा भिंगाने अडीच-तीन मीटरवर नेम धरला की दीड मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. पुढचा माणूस स्पष्ट, मागची भिंत स्पष्ट, भिंतीवरचे कॅलेंडर, विजेचे मीटर, खताची रिकामी पोती, दोरीवरचा टॉवेल, सगळे सारख्याच निष्ठेने स्पष्ट. चित्रात महत्त्वाचे काय आणि गौण काय, हे हा कॅमेरा ठरवतच नाही. कलेच्या दृष्टीने हा दोष मानला जातो आणि पुष्कळ काळ मीही तसेच मानत होतो.

जुलै 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले, आणि त्या सुमारास आमच्या जिल्ह्यात मोठे कॅमेरे फार आले. 2017 साली कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन माणसे दगावली, तेव्हा पुन्हा आले. त्या फोटोंमधल्या कित्येकांनी देशाला जागे केले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांतून एक साचाही तयार झाला: हातात नवऱ्याची तसबीर धरलेली बाई, चेहऱ्यावरची प्रत्येक रेषा कोरीव, आणि मागचे घर मऊ धुक्यात विरघळलेले. दुःखाला घर उरत नाही. ती घाटंजीची की राळेगावची, आत धान्याची कोठी आहे की नाही, शेजारीण दारात उभी आहे की नाही, काहीच कळत नाही. आपल्या ग्रामीण कथेनेही एका टप्प्यावर हेच केले, असे माझे मत आहे. 'पार्श्वभूमी' हा शब्द आपण समीक्षेत फार सैलपणे वापरतो. पात्राच्या मागे जे टांगायचे ते, अशा अर्थाने.

माझे मत बदलले ते एका फोटोमुळे. जानेवारी 2009 मध्ये घाटंजी तालुक्यातल्या एका गावात आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर होते. मुलांनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरून नाल्यावर वनराई बंधारा घातला. शेवटच्या दिवशी बंधाऱ्यावर सगळ्यांना बसवून मी एक फोटो काढला. तसले फोटो प्रत्येक महाविद्यालयाच्या वार्षिकांकात असतात. त्यात पाहण्यासारखे काही नव्हते. गावातलाच एक मुलगा आमच्या वर्गात होता, तो पुढच्या रांगेत बसला होता.

तीनेक वर्षांनी तो मुलगा माझ्याकडे आला. मधल्या काळात त्याचे वडील गेले होते. (यवतमाळ म्हटले की वाचक ज्या मरणाची अपेक्षा करतो, ते हे नव्हते. कावीळ झाली होती.) घरात वडिलांचा फोटो म्हणजे मतदार ओळखपत्रावरचा, ज्यात चेहऱ्याऐवजी एक काळा ठिपका होता. लग्नात फोटो काढलेच नव्हते. मुलाला आठवत होते की त्या दिवशी वडील शेतातून बंधारा पाहायला आले होते आणि मागे कुठेतरी उभे होते. त्याने विचारले, "सर, त्या फोटोतून बाबाचा फोटो काढता येईन का?"

मराठीत आपण दूध काढतो, काटा काढतो, पीक काढतो, कर्ज काढतो आणि फोटोही काढतो. हे क्रियापद इतके वर्षे शिकवूनही मला त्या वाक्यात ते नव्याने ऐकू आले.

संगणकावर तो फोटो उघडला. 3072 बाय 2304 बिंदूंचे चित्र. मोठे करीत गेलो. पुढच्या मुलांच्या मागे पाच-सहा मीटरवर, हात पाठीशी बांधून, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस उभा होता. तो कॅमेऱ्याकडे पाहत नव्हता. मुलाच्या पाठीकडे पाहत होता. चेहऱ्याची उंची भरली जेमतेम सव्वाशे बिंदू. पण डोळे होते, मिशी होती, गालावरची खळगी होती. पार्श्वभूमी धूसर करणारा महागडा कॅमेरा माझ्या हातात असता तर तिथे तपकिरी-पांढरा एक डाग असता, आणि मी त्या चित्राला अधिक चांगले म्हटले असते.

परीक्षण प्रामाणिक असावे म्हणून हेही सांगतो की सव्वाशे बिंदूंतून भिंतीवरची तसबीर होत नाही. पासपोर्टच्या आकारापर्यंत चेहरा टिकला. पुढे त्याचे चौकोन होऊ लागले. फोटो स्टुडिओवाल्याने ते चौकोन घासून मऊ केले, मागचा नाला पुसून निळा पडदा घातला, दुपट्टाही सारखा केला. तसबीर झाली, तिला हार आला. काही महिन्यांनी मी त्या घरी गेलो, तेव्हा मुलाच्या आईने तसबिरीबद्दल एक शब्दही काढला नाही. तिने पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात बँकेच्या पासबुकासोबत बंधाऱ्याचा मूळ चार बाय सहाचा फोटो होता. मला वाटले, ती नवऱ्यावर बोट ठेवील. तिने बोट ठेवले ते त्याच्याही मागे, जिथे तुरीची रांग आणि एक बाभूळ दिसत होती. म्हणाली, "हे वावर आमचं व्हतं." आजारपणात ते विकले गेले होते.

रोलाँ बार्थच्या 'कॅमेरा लुसिडा' या 1980 सालच्या पुस्तकात तो आईच्या मृत्यूनंतर तिचे फोटो चाळतो आणि अखेर तिच्या बालपणीच्या एका फोटोत त्याला ती सापडते. तो फोटो मात्र त्याने पुस्तकात छापला नाही, कारण इतरांसाठी तो कुठल्याही फोटोसारखाच एक ठरेल. वर्गात हा भाग शिकवताना मला आता बंधाऱ्याचा फोटो आठवतो. मीही तो इथे देणार नाही. माझे कारण बार्थएवढे उंचीचे नाही, तो माझा नाही एवढेच. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. बार्थला आई सापडली ती तिच्याच फोटोत, जो तिचा म्हणून काढला होता. आमच्याकडची पुष्कळ माणसे कुणाच्या तरी दुसऱ्याच्या फोटोत मागे उभी आहेत.

मग फोनचे काय? फोन आज जवळजवळ सर्व बाबतींत माझ्या कॅमेऱ्याहून सरस आहे, हे मान्य करायला हवे. एका क्षणात कमी-जास्त उजेडाची अनेक चित्रे घेऊन तो त्यांची एकच करतो, त्यामुळे कापूस आणि वेचणारी हा माझा जुना पेच त्याने बराचसा सोडवला आहे. पण त्याच फोनने मोठ्या कॅमेऱ्याची धूसर पार्श्वभूमी गणिताने तयार करायला घेतली आहे. सेन्सर लहान असल्यामुळे त्याला मागचे सगळे दिसत असते. दिसलेले तो मुद्दाम पुसतो. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला साहित्य संमेलन झाले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्याचा वाद ताजा होता आणि उद्घाटन वैशाली येडे यांनी केले, एका शेतकऱ्याच्या विधवेने. त्या वेळी मंडपात सगळीकडे फोन उंचावले होते. माझ्या ओळखीच्या काहींनी नंतर पाठवलेल्या फोटोंत बोलणारी बाई ठळक होती आणि बाकीचे सारे लोण्यासारखे वितळलेले. त्या दिवशी व्यासपीठावर कोण बसले होते आणि कोण नव्हते, हाच तर सगळा प्रश्न होता.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला माझे उत्तर असे. जुन्या सेन्सरच्या रंगांत काही जादू आहे असे समजून घेणार असशील तर घेऊ नकोस. ती जादू बहुतांशी फ्लॅशची आणि कॅमेऱ्यातल्या प्रक्रियेची आहे, आणि फोनवरही तिची नक्कल करता येते. सेकंडहॅन्ड घ्यायचाच तर सेलचे झाकण उघडून आतल्या पट्ट्यांवर पांढरट-हिरवी खार चढली आहे का ते पाहा. जुन्या कॅमेऱ्यांपैकी अनेकांना मोठ्या क्षमतेची कार्डे चालत नाहीत, तेव्हा कार्ड सोबतच माग. डोळा लावायची खिडकी असेल तर चार पैसे जास्त दे. झूमच्या मागे लागू नकोस. घरी माणसांना भिंतीपासून लांब उभे करू नकोस, आणि मागे कोणी आले तर त्याला 'बाजूला व्हा' म्हणू नकोस. वर्षातून एकदा चार बाय सहाचे प्रिंट काढ. संगणकातले फोटो किती टिकतात ते मी माझ्या एका बंद पडलेल्या हार्ड डिस्कवरून सांगू शकतो. बंधाऱ्याचा फोटो तिच्यातच होता. आता तो फक्त त्या पिशवीत आहे.

माझ्या कॅमेऱ्याच्या सेलचे झाकण तुटले आहे आणि ते रबराने बांधून ठेवावे लागते. पोळ्यापुरता हवा असेल तर घेऊन जा.