'इन्शाअल्लाह' म्हणजे 'नाही' नव्हे

आपल्या मोहल्ल्यातल्या शिंप्याला, सुताराला, वेल्डिंगवाल्याला विचारा, "काम कधी मिळेल?" उत्तर ठरलेले : "इन्शाअल्लाह, जुम्म्यापर्यंत." जुमा येतो आणि जातो. गिऱ्हाईक तीन हेलपाटे घालते, तिसऱ्यांदाही तेच ऐकून परत जाते. आता त्याने या शब्दाचा अर्थ लावून टाकला आहे : काम होणार नाही. अल्लाहच्या नावाची ही किंमत कुणी केली? आपणच.

सूरह कहफमध्ये उद्याचे काम सांगताना अल्लाहच्या इच्छेची जोड द्यायला सांगितले आहे. म्हणजे माझ्याकडून पूर्ण प्रयत्न, बाकी त्याच्या हाती. कापडाला अजून कात्री लागलेली नाही हे ठाऊक असताना जुम्म्याचा वायदा करणे हे सरळ खोटे आहे, आणि त्या खोट्याला आपण अल्लाहची साक्ष काढतो.

दुसरे दुखणे पावतीचे. गिऱ्हाइकाने पावती मागितली की आपल्याला राग येतो. "भाई, आमच्यावर भरोसा नाही का?" अहो, कुरआनातली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे? नमाजबद्दल नाही, रोज्याबद्दलही नाही. सूरह बकराची २८२वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. मुदत लिहा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असली तरी कंटाळा करू नका. ज्याचा धर्म लिहायला सांगतो, त्याने अ‍ॅडव्हान्स घेऊन तोंडी हिशेब ठेवावा आणि वर ७८६ची पाटी लावावी?

पाटी, दाढी, टोपी यांवर विश्वास ठेवून काय होते, ते आपण २०१९ साली पाहिले. 'हलाल' नफ्याच्या नावावर पैसे गोळा करणारी बंगळुरूची आय.एम.ए. कंपनी बुडाली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत अडकली. त्या लोकांनी कागद वाचले नव्हते, हलाल हा शब्द वाचला होता.

काही जण म्हणतील, "सर, इथे मुसलमानांकडून माल घेऊ नका अशी हाक दिली जाते, आणि तुम्ही आम्हालाच शिकवता?" ती हाक अन्यायाची आहे, आणि मी तिला आपल्या पावत्यांशी जोडत नाही. बहिष्कार घालणारा तुमचा तराजू तपासायला येत नाही. तो नाव बघून ठरवतो. पण ती हाक ऐकूनही जे गिऱ्हाईक तुमच्या पायरीवर येते, त्याचे काय? त्यालाही हेलपाटेच घालायला लावायचे?

पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतला माल ओला निघाला. पावसाने भिजला, असे व्यापारी म्हणाला. मग ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले. भिजणे हा गुन्हा नव्हता, लपवणे हा होता.

आपल्यालाही एवढेच करायचे आहे. उशीर होणार असेल तर आदल्या दिवशी आपण होऊन फोन करा. अ‍ॅडव्हान्सची पावती न मागता द्या, तिच्यावर तारीख घाला. तराजूवर वैधमापन विभागाचा चालू शिक्का असू द्या. कपड्यात डाग असेल, फळीला गाठ असेल, तर ती बाजू आधी दाखवा. मग खुशाल म्हणा, इन्शाअल्लाह.