शेवट माहीत आहे, मग काय झालं?

“पुढे काय होणार ते पहिल्याच एपिसोडला कळतं गं, बंद कर ते!” आपल्या हॉस्टेलवर ॲनिमे बघणाऱ्यांची संख्या आता मेसच्या रांगेएवढी झालीय आणि हे वाक्यही मेसच्या डाळीसारखं रोजचं झालंय. एखाद्या सिरीजला ‘प्रेडिक्टेबल’ म्हटलं की खेळ खलास. बघणारा मठ्ठ, सोडून देणारा हुशार! मला हे मान्य नाही. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत भांडायची सवय कमी. तरी प्रयत्न करते.

पहिलं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या लहानपणातलं, पोकेमॉन. टीम रॉकेट येणार, पिकाचूला पळवायला बघणार, शॉक खाणार आणि आकाशात चमकून गायब होणार. सरप्राईज शून्य. तरी आपण दप्तर फेकून टीव्हीसमोर बसायचोच ना? त्यातला ॲश १९९७ पासून, एका छोट्या लीगचा अपवाद सोडला तर, प्रत्येक मोठ्या लीगमध्ये हरत आला. २०१९ मध्ये तो अलोला लीग जिंकला, तेव्हा मोठी झालेली पोरंसुद्धा हळवी झाली. का? तो हरणार हे बावीस वर्षं पाठ होतं म्हणून! म्हणजे सरप्राईजसुद्धा प्रेडिक्टेबल गोष्टींच्या पायावरच उभं राहतं. पायाच नसेल तर धक्का कसला बसणार?

दुसरं उदाहरण आमच्या माणदेशातलं. मी माण तालुक्यातली. शेजारी सांगली जिल्ह्यातला आटपाडी तालुका, तोही माणदेशच. तिथल्या शेटफळे गावी जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांचं गीतरामायण पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीला सुरू झालं आणि १९५६ च्या रामनवमीला संपलं. आठवड्याला एक नवं गाणं, एकूण ५६ गाणी, संगीत सुधीर फडक्यांचं. आपल्या भाषेत सांगायचं तर एक सीझन, ५६ एपिसोड! आणि स्टोरी? वनवास होणार, रावण सीतेला नेणार, शेवटी मरणार. शेंबड्या पोरालाही माहीत. तरी लोक रेडिओभोवती जमायचे. कारण ‘काय होणार’ यावर गदिमांचा भरच नव्हता. गोष्ट तीच, बोलणारं माणूस मात्र बदलत राहतं. कधी शबरी, कधी रामाला नदीपार नेणारे नावाडी, कधी सूड मागणारी शूर्पणखा, कधी कुंभकर्ण. आणि गंमत बघा, पहिल्याच गाण्यात लव-कुश ही कथा गातात ती खुद्द रामासमोर! ज्याच्यावर सगळं बेतलं तोच श्रोता. त्याला कोण काय स्पॉयलर देणार? तरी तो ऐकतोच आहे.

हीच गोष्ट जपानच्या युगो साकोंनी आपल्या राम मोहन यांच्या साथीनं १९९२ मध्ये ॲनिमेत आणली. ती जानेवारी २०२५ मध्ये आपल्या थिएटरांत लागली. तिकीट काढणाऱ्यांना शेवट माहीत नव्हता असं कोण म्हणेल?

शिखर शिंगणापूरला चैत्रात शंभू महादेवाची यात्रा भरते. सासवडची तेल्या भुत्याची कावड मुंगी घाटातून वर चढते. ती वर पोचणार हे दरवर्षी ठरलेलं. मग बघायला एवढी माणसं का जमतात? कारण त्या उभ्या चढणीवर एकमेकांना हात देत ती वर कशी येते, हे बघताना जीव खालीवर होतो. शेवट ठरलेला असला तरी पाय घसरू शकतो ना!

आता समोरच्या पार्टीचंही थोडं खरं आहे. डिटेक्टिव्ह कोनानमध्ये खुनी आधीच कळला तर त्या केसची निम्मी मजा गेली, कारण तिथे आपण कोडं सोडवायला बसतो. पण डेथ नोट घ्या. ३७ एपिसोड, आणि मारणारा कोण हे पहिल्यापासून आपल्याला ठाऊक. तरी रात्रीचे तीन वाजतातच. हां, हिरो मार खाऊन पडतो, मित्रांची आठवण येते आणि अचानक नवी पॉवर मिळते, तिथे मलाही जांभई येते. पण तिथे दोष तो जिंकला याचा नाही, फुकट जिंकला याचा आहे.

मॅथ्सच्या पेपरात ‘सिद्ध करा’ असा प्रश्न येतो. उत्तर प्रश्नातच छापलेलं असतं, मार्क असतात ते स्टेप्सना. मधल्या स्टेप्स गाळून एकदम ‘सिद्ध झाले’ लिहिलं तर भोपळा. चांगली सिरीज आणि आळशी सिरीज यांतला फरक एवढाच आहे. शेवट कळल्यावरही जी बघावीशी वाटते ती चांगली. शेवट कळताच जिच्यात काही उरत नाही, ती मुळातच रिकामी होती.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपण हल्ली दहा मिनिटांत आख्खी स्टोरी सांगणारे व्हिडिओ बघतो, तेही डबल स्पीडवर. “कळलं ना काय झालं, बस.” गोष्ट म्हणजे फक्त माहिती असेल, तर ठीक आहे. पण मग घरून येणारा फोनसुद्धा प्रेडिक्टेबलच की! जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय, इकडे अजून पाऊस नाही, टँकर आला. आई काय विचारणार हे रिंग वाजायच्या आधी पाठ असतं. म्हणून आपण फोन कट करतो का? तेच शब्द असतात, पण आज तिचा आवाज बसलाय की नाही, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. तेच ते ऐकून घ्यायची सवय गेली, तर हेही ऐकू यायचं बंद होईल.

असो. ज्यांना पटलं नाही त्यांनी रात्री मेसमध्ये भेटावं, वाद घालू. फक्त शेवट आत्ताच सांगून ठेवते: मी माझं मत बदलणार नाही!