फोटोवाल्याचं पान

मैत्रिणींनो, तुळशीचं लग्न लागायचा अवकाश, की आमच्या रत्नागिरीत सनईचे सूर सुरू होतात. यंदा आमच्याही घरी मार्गशीर्षात कार्य आहे, माझ्या चुलतदिराचं. त्यामुळे सध्या घरात याद्यांचा सुकाळ! आमंत्रणांची यादी, मानापानाची यादी, आचाऱ्याची यादी. त्यांत मी आणखी एका यादीची भर घातली आणि तिच्यावरून घरात थोडं बोलणंही झालं. ती यादी होती फोटोग्राफरसाठी. असली यादी करायचं खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं, ते आज तुम्हांला सांगते.

यंदा आषाढात आमच्या आत्याबाई गेल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. ऐन पंचविशीत कपाळ मोकळं झालं आणि त्या माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. घरातली सगळी मंगलकार्यं त्यांच्या जिवावर पार पडली. कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला, आचाऱ्यावर नजर त्यांची, नारळ किती फुटले नि तांदूळ किती उरले याचा हिशेब त्यांच्या तोंडी. तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो हवा म्हणून आम्ही शोधायला लागलो, तर एकही धड फोटो सापडेना!

आधार कार्डावरचा होता, पण तो मोठा केल्यावर ओळखच पटेना. आमच्या मोबाइलमध्ये शेकड्यांनी फोटो, पण त्यांत आत्याबाई म्हणजे कुठे अर्धा पदर, कुठे पाठ. कॅमेरा समोर आला की "माझा मेला कशाला!" म्हणून त्या तोंड फिरवायच्या. शेवटी मी माझ्या लग्नाचा अल्बम काढला. २०१४ सालचा, चांगला जाडजूड. फोटो साडेतीनशे. करवल्यांचे आहेत, मानपान घेणाऱ्या दूरच्या मामींचे आहेत, एक फोटो तर नुसत्या चपलांचा आहे. आत्याबाई एकातही नाहीत. आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत अल्बम कितीदा तरी चाळला, पण हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

मग हे म्हणाले, "आईबाबांच्या लग्नाचे फोटो ज्यांनी काढले, त्या काकांना विचारून बघ."

ते लग्न १९८३ चं. काका आता सत्तरीच्या घरात आहेत. बाजारपेठेत माडीवर त्यांचा स्टुडिओ अजून आहे, पण काम मुलगा बघतो. मी गेले तेव्हा धो धो पाऊस, एकही गिऱ्हाईक नाही, त्यामुळे काका निवांत बोलत बसले. मी फोटो मागायला गेले होते, आणि दोन तास त्यांच्या धंद्याची गोष्ट ऐकत बसले.

आपल्याला वाटतं, फोटो काढायचा म्हणजे बटण दाबायचं. त्या काळी १२० नंबरचा रोल असायचा, एका रोलमध्ये चौकोनी बाराच फोटो. परदेशी रोल महाग, म्हणून ऊटीच्या सरकारी कारखान्याचा 'इंदू' रोल वापरायचे. एका लग्नाला चार रोल म्हणजे डोक्यावरून पाणी! अठ्ठेचाळीस फोटोंत सगळं लग्न बसवायचं. अंतरपाट दूर होतो तो क्षण एकदाच येतो. नेमका त्याच वेळी कोणी मामा अक्षता टाकायला समोर आला, की गेला तो फोटो. गुरुजींना "जरा पुन्हा धरता का?" म्हणायची सोय नाही. मांडवाचं कापड लाल असलं की पुढे रंगीत रोल आल्यावर सगळ्यांची तोंडं लाल दिसायची आणि दोष फोटोग्राफरला!

लग्न आटोपलं की रात्री मिट्ट काळोखात रोल धुवायचा, मग तांबड्या दिव्याखाली कागदावर छपाई. फोटो पक्का करायला हायपो लागतो, पण तो पाण्यानं पुरता धुऊन काढला नाही तर पुढे फोटो पिवळा पडतो. हे धुण्याचं काम काकू करायच्या. मागच्या विहिरीचं पाणी शेंदून, फोटोंना चार-चार पाणी देऊन, दोरीवर चिमट्यांनी वाळत घालायच्या. निगेटिव्हवरचे डाग बारीक टोकाच्या पेन्सिलनं बुजवायलाही त्या शिकल्या होत्या. स्टुडिओच्या पाटीवर नाव मात्र एकट्या काकांचं. (होमाई व्यारावाला आपल्या देशातल्या पहिल्या वृत्तछायाचित्रकार बाई, २०११ साली पद्मविभूषण मिळालेल्या. त्यांचेही सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून आले होते. तिथे आमच्या काकूंची काय कथा!)

धंदा सगळा तुळशीच्या लग्नापासून पावसाळ्यापर्यंत. मे महिन्यात मुंबईकर गावी येतात, त्यामुळे एका दिवसात दोन-दोन मुहूर्त, एक इथे नि एक संगमेश्वराकडे. पुढे चातुर्मासात मुहूर्तच नाहीत. मग शाळांचे गट-फोटो, पासपोर्टचे फोटो, यांवर चूल पेटवायची. आणि आपल्याकडची हवा तुम्हांला ठाऊकच आहे. पापडाला येते तशी बुरशी कॅमेऱ्याच्या भिंगालाही येते, आणि एकदा भिंगावर तिची जाळी धरली की ते भिंग पूर्वीसारखं होणं कठीण. म्हणून काकांनी एका लाकडी कपाटात लहानसा दिवा लावून ठेवलेला असे. त्या उबेत कॅमेरा पावसाळा काढायचा. आता सिलिका जेलच्या पुड्या नि हवाबंद डबा.

"पण सूनबाई," काका म्हणाले, "कामाचं काही वाटत नाही. लग्नात आम्ही ना घरचे, ना पाहुणे. नवरीच्या खोलीपर्यंत आम्हांला मुभा, पण पान मांडायची वेळ आली की आम्ही कोणाच्याच गणतीत नाही. वरपक्षाला वाटतं वधूपक्ष बघेल, वधूपक्षाला वाटतं वरपक्ष. पंगतीचे फोटो काढायचे आणि उपाशी पोटी एस.टी. धरायची."

बोलता बोलता त्यांनी बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे काढले. आत बटर पेपरच्या पाकिटांत निगेटिव्ह, वर साल आणि आडनाव. बरेच कसरीनं खाल्लेले, काही एकमेकांना चिकटलेले. १९८३ चं आमचं पाकीट मात्र शाबूत निघालं. एकेक पट्टी ट्यूबलाइटसमोर धरत ते शेवटच्या रोलच्या शेवटच्या फोटोवर थांबले.

"या बघा. बारावा."

निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं दिसतं, तरी मी ओळखलं. मागल्या दारी चुलाणाशेजारी आत्याबाई उभ्या, हातात ओगराळं, आणि चक्क हसताहेत!

त्या दिवशी काय झालं, तेही काकांना आठवत होतं. दोन पंगती उठल्या, तरी त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पाणी प्यायला मागल्या दारी गेले, तर आत्याबाईंनी विचारलं, "जेवलात का?" आणि उत्तराची वाट न बघता पाटा-वरवंट्याशेजारी पान मांडलं. मसालेभात, मठ्ठा, दोन जिलब्या. उठताना काकांच्या लक्षात आलं, रोलात एक फोटो शिल्लक आहे. तो त्यांनी काढला.

"मग तो आमच्या अल्बममध्ये कसा नाही?" मी विचारलं.

काका जरा घुटमळले. त्या वेळी छोट्या प्रती काढून घरी दाखवायला न्यायच्या, घरातले वडीलधारे निवड करायचे आणि निवडलेलेच मोठे करून अल्बममध्ये लागायचे. दर फोटोला पैसे पडायचे ना! आमच्या आजेसासऱ्यांनी त्या प्रतीवर फुली मारली होती. "हा कशाला? मंगलकार्याच्या अल्बममध्ये नको," असं म्हणाले होते. स्वतःच्या लेकीचा फोटो, मैत्रिणींनो.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या गप्प बसून राहिल्या, मग म्हणाल्या, "मला आठवतंय गो. मी तिथेच होते. चार दिवसांची नवी नवरी मी, काय बोलणार?"

काकांच्या मुलानं ती पट्टी पांढऱ्या उजेडावर ठेवून कॅमेऱ्यानं टिपली, संगणकावर उलटी केली आणि दोन दिवसांत छापून दिली. पैसे घेतले नाहीत. तेराव्याला पाटावर तोच फोटो होता. एक-दोन नातेवाइकांनी "ओगराळं घेतलेला फोटो काय लावायचा!" म्हणून नाकं मुरडली. मुरडू देत.

पूर्वी घराण्यातल्या बायकांचे फोटो निघणं हीच मुळात अवघड गोष्ट होती. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनानी स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला, तेव्हा कुठे पडद्यातल्या बायका कॅमेऱ्यासमोर बसल्या. आता पडदा नाही, रोल संपायची भीती नाही. काकांचा मुलगा एका लग्नात दोन-तीन हजार फोटो काढतो. आरे-वारेच्या किनाऱ्यावर नि थिबा पॉइंटला लग्नाआधीचे फोटो निराळेच. तरी घरातलं माणूस सुटतं. कारण त्याला माणसंच ओळखू येत नाहीत! स्टेजवर जो येईल तो त्याच्यासाठी महत्त्वाचा. जो कोठीत आहे, त्याला तो कुठे शोधणार?

तेव्हा घरात कार्य असेल तर काही गोष्टी जरूर करा. ज्यांचे फोटो हवेतच, त्यांची नावं आधी लिहून काढा आणि घरातली सगळ्यांना ओळखणारी एखादी चुणचुणीत भाची त्या दिवशी फोटोग्राफरबरोबर ठेवा. बायकांचे फोटो मुहूर्ताच्या आधी काढून घ्या, नंतर सगळ्या घामाघूम असतात. मुहूर्त लागताना पाहुण्यांना मोबाइल खाली ठेवायला गुरुजींकडूनच सांगायला लावा, त्यांचं ऐकतात. अल्बमची पानं किती, केव्हा मिळणार, पैसे कधी द्यायचे, हे कागदावर लिहून घ्या. फोटो निवडायचं काम महिन्याभरात संपवा. आपण निवडत नाही, म्हणून अल्बम होत नाही आणि अल्बम नाही म्हणून त्याचे उरलेले पैसे अडकतात. काकांच्या फळीवर न नेलेले अल्बम मी पाहिले. त्यांतल्या एका जोडप्याचा तर काडीमोडही झाला म्हणे!

फोटोंच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा आणि थोडे तरी कागदावर छापून घ्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा कितीजणींच्या कपाटांतले अल्बम चिखलात गेले. देव करो नि तशी वेळ न येवो, पण आली तर ओले फोटो एकावर एक तसेच वाळू देऊ नका, ते कायमचे चिकटतात. स्वच्छ गार पाण्यात अलगद सोडवा आणि चेहरा वर करून सावलीत पसरा. फार असतील तर मध्ये बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये ठेवा, सवडीनं थोडे थोडे काढता येतात. काचेला चिकटलेला फोटो मात्र ओढू नका, काचेसकटच त्याचा फोटो काढून घ्या. आणि ते जुने आपोआप चिकटणाऱ्या पानांचे अल्बम असतील तर त्यांतून फोटो वेळीच सोडवा, त्यांचा डिंक फोटो पिवळे करतो.

तर आमची यादी. पहिलं नाव दुर्वा खुडून आणणाऱ्या शेजारच्या आजींचं, त्याही एकट्याच आहेत. मग भांडी घासणाऱ्या दोघीजणी, आचारी, चुलतसासूबाईंची विधवा बहीण. तिच्या नावापाशी थोडं बोलणं झालं, पण ते राहिलं. काल संध्याकाळी यादी सासूबाईंना दाखवली. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली.

"फोटोवाले किती जण येणार?"

"तिघं."

"मग त्यांची तीन पानं पहिल्या पंगतीनंतर लगेच मांडा. मीच बघीन ते."

मग माझ्या हातातलं पेन घेऊन, यादीच्या तळाशी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे कंसात लिहिलं, 'एकटीचा'.