पाखरांना रानात बसायला जागा द्या



५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ तारखेला डॉ. सालिम अली यांचा. याच सुमारास आपल्या धाराशिव जिल्ह्यात हरभरा वर येऊ लागतो. गावात पक्षीमित्र मंडळ असेल तर मुलांना येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात जरूर न्या. पण त्यांचे खरे काम आपल्याच शिवारात आहे.

घाटेअळी पडली की आपण पंप पाठीवर घेतो. कोतवाल, साळुंकी, वेडा राघू हे आपले बिनपगारी राखणदार. पण त्यांना बसायला जागा हवी. मुलांकडून एकरी वीसेक काठ्या रोवून घ्या. त्या पिकाहून हात-दीड हात उंच असाव्यात व वर आडवी काडी बांधावी. पाखरू तिथून अळी हेरते. दाणे भरू लागले की काठ्या काढाव्यात.

घुबड, पिंगळा अपशकुनी नव्हेत. ते उंदीर खातात. विषाने मेलेले उंदीर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा; नाहीतर ते खाऊन पाखरेही मरतात.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले; तरी आज तो दिसणे मुश्कील झाले आहे. कोतवालावर ती पाळी येण्याआधी बांधावरची बाभूळ तरी राखा.